चर्चला गाभारा असतो का? प्रार्थनास्थळांची नोंद करताना शब्द कसे निवडावेत

जालना जिल्ह्यातल्या एका शाळेच्या शिक्षिका आठवी-नववीच्या मुलांना बरोबर घेऊन गावातल्या जुन्या वास्तूंची नोंदवही करत आहेत. गावात महादेवाचे दगडी देऊळ आहे, मशीद आणि दर्गा आहे, बुद्धविहार आहे आणि मिशनच्या काळातले एक चर्च आहे. देवळाची पाने भरून झाली, पण चर्चपाशी मुले अडली. आतल्या टोकाच्या उंच जागेला गाभारा लिहायचे का, बाकांच्या दालनाला सभामंडप चालेल का, की इंग्रजी नावेच देवनागरीत उतरवायची, असे त्यांनी विचारले आहे. गावाबाहेर एक पडकी इमारत आहे, तिला कोणी मठ म्हणते तर कोणी मशीद. तिचे काय लिहावे, हाही प्रश्न आहे.

गाभारा लिहू नका, सभामंडपही नको, आणि इंग्रजी शब्दांची यादी उतरवून घेण्याचीही घाई नको. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात त्या वास्तूत नेमाने येणारी माणसे त्या भागाला जे म्हणतात ते, त्यांच्याच तोंडचे, लिहा. दुसऱ्यात तिथे काय केले जाते ते एका वाक्यात लिहा. वास्तुशास्त्रातला शब्द तिसऱ्या रकान्यात, तोही खात्री असेल तरच. मराठवाड्यातल्या जुन्या इमारतींची मापे घेऊन आराखडे काढणे हे माझे काम आहे. हा क्रम उलटा झालेल्या नोंदी मला सतत वाचाव्या लागतात: चर्चला गाभारा, मशिदीला देवकोष्ठ, दर्ग्याला मशीद. एकाने लिहिले की पुढचा त्यावरून लिहितो आणि दहा वर्षांनी तेच छापून येते.

हे होते कारण आपण आकार पाहून नाव देतो. भिंतीतल्या कोनाड्याचेच घ्या. देवळाच्या बाहेरच्या भिंतीत कोनाडा असेल आणि त्यात मूर्ती असेल, किंवा कधीकाळी होती असे दिसत असेल, तर ते देवकोष्ठ. मशिदीच्या पश्चिम भिंतीत तसाच कमानदार खोलगट भाग असतो, तो मेहराब. मेहराबीत काही ठेवलेले नसते आणि ठेवायचेही नसते; नमाजाला उभे राहताना तोंड कोणत्या दिशेला करायचे हे ती दाखवते. कॅथलिक चर्चच्या भिंतीतल्या कोनाड्यात मारियामातेची किंवा एखाद्या संताची मूर्ती दिसेल. घराच्या भिंतीत असाच कोनाडा कंदील ठेवायला असे. फूटपट्टी लावली तर चौघांची मापे सारखी भरतील. एकात देव आहे, एकात दिशा आहे, एकात संतांचे स्मरण आहे आणि एकात कंदील. चौघांना एकच शब्द लावला तर नोंद करून काय साधले?

आता गाभाऱ्याकडे येऊ. देऊळ म्हणजे देवाचे घर आणि गाभारा ही त्या घरातली त्याची खोली. खोली लहान, अंधारी, एकाच दाराची. तिथे एका वेळी चार माणसे मावली तरी पुष्कळ, आणि त्यात उणीव काहीच नाही, कारण ती माणसांसाठी बांधलेलीच नाही. औंढा नागनाथला जाऊन आलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही: तिथे अरुंद पायऱ्यांनी खाली वाकून उतरावे लागते, आणि खाली पिंडीभोवती दाटीवाटीने बसावे लागते. भक्त येतो, दर्शन घेतो, परततो. देवळाचे दगडी काम कितीही भव्य असले तरी त्याचे मर्म त्या लहान खोलीत असते.

चर्चची रचना याच्या उलट दिशेने जाते. ख्रिस्ती उपासना ही सगळ्यांनी एकत्र बसून करायची गोष्ट आहे, म्हणून माणसे मावतील असे दालन आधी हवे. रोमन लोकांच्या काळात बॅसिलिका नावाच्या मोठ्या लांबट इमारती असत, त्यांत न्यायनिवाडे आणि सार्वजनिक व्यवहार चालत. ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासनागृहे बांधायची मुभा मिळाली तेव्हा त्यांनी नमुना घेतला तो या सभागृहाचा. देवाची मूर्ती आत ठेवून लोकांना बाहेर उभे करणारे रोमन मंदिर त्यांच्या कामाचे नव्हते.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मराठी बायबलमध्येच सापडते. यरुशलेमच्या मंदिरात पवित्रस्थान आणि त्याच्या आत परमपवित्रस्थान होते. दोहोंमध्ये अंतरपट होता. लग्नात वधूवरांमध्ये आपण धरतो त्याचे नाव तेच. परमपवित्रस्थानात वर्षातून एकदा फक्त मुख्य याजक जाई. गाभाऱ्याशी नाते सांगणारी जागा शोधायची तर ती ही. पण मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने प्राण सोडला त्या क्षणी पवित्रस्थानातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असे सांगितले आहे, आणि ख्रिस्ती लोक त्याचा अर्थ देवाकडे जाण्याची वाट सर्वांना मोकळी झाली असा करतात. हे मानणाऱ्या माणसाच्या उपासनागृहात आपण गाभारा लिहिला तर त्याच्या श्रद्धेच्या नेमक्या उलट लिहिले. युरोपातल्या कित्येक जुन्या चर्चमध्ये वेदीपुढे जाळीदार आडभिंत असे, हे खरे आहे. आपल्याकडच्या मिशनकाळातल्या साध्या चर्चमध्ये मात्र बहुधा कमरेएवढा कठडा असतो, आणि तोही लोकांना अडवण्यासाठी नव्हे, गुडघे टेकून प्रसाद घेताना हात ठेवायला.

‘चर्च’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, ते वहीत वेगळे ठेवा. एक इमारत, दुसरा तिथे जमणारा समाज. मराठी बायबलने समाजासाठी मंडळी हा शब्द घेतला: ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ असे येशू पेत्राला म्हणतो, तिथे दगडविटांची गोष्ट नाही. म्हणून ‘मंडळी अमुक साली स्थापन झाली’ आणि ‘इमारत अमुक साली बांधली’ या दोन तारखा असतात आणि कित्येक ठिकाणी त्यांच्यात बरेच अंतर असते. कोनशिलेवर कोणती तारीख आहे ते नीट वाचून घ्या. इमारतीला जुने मराठी ख्रिस्ती लोक मंदिर, ख्रिस्ती मंदिर किंवा प्रार्थनामंदिर म्हणतात; फलकांवरही तसे लिहिलेले असते. ‘मंदिरात जाऊन आलो’ असे एखाद्या आजीने सांगितले तर पहिल्या रकान्यात मंदिरच लिहा, सुधारून चर्च करू नका.

आता मुलांना घेऊन दारापासून आत चाला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण चर्चचा आराखडा लांबीच्या दिशेने उलगडतो.

दारापुढे छप्पर असलेली जागा असेल तर तिला देवडी किंवा पोर्च म्हणा. दाराजवळ किंवा दारावर घंटेचा मनोरा असतो, त्याला घंटाघर म्हणतात. मनोरा बांधायला पैसे नसत तिथे नुसत्या भिंतीत कमान काढून त्यात घंटा टांगत, किंवा आवारात दोन खांब रोवून त्यावर घंटा बांधत. हेही घंटाघराचेच काम, फक्त ‘मनोरा नाही’ एवढे लिहा. घंटेवर ओतीव अक्षरे असतील तर ती जशीच्या तशी उतरवून घ्या. कारखान्याचे नाव आणि साल तिथे मिळण्याची शक्यता असते.

आत शिरल्यावर दाराजवळच पाण्याचे दगडी भांडे खांबावर बसवलेले दिसेल. ते बाप्तिस्म्याचे कुंड. दारापाशी असण्याला कारण आहे: बाप्तिस्मा घेऊनच माणूस मंडळीत येतो, म्हणून कुंडही इमारतीत येण्याच्या जागी. ज्या पंथांत पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात तिथे कुंड नसून हौद असतो, कधी आत, कधी आवारात. काही मंडळ्या नदीवर किंवा तळ्यावर जातात. कॅथलिक घरांत याच विधीला स्नानसंस्कार म्हणतात. कुंड आज दाराजवळ नसून पुढे वेदीपाशी असेल तर कधी हलवले ते विचारा. जड दगड हलवला की फरशीवर खूण राहते.

मग बाकांचे मोठे दालन. इंग्रजीत त्याला नेव्ह म्हणतात, तो शब्द जहाजाच्या लॅटिन नावावरून आला. मराठीत मुख्य दालन किंवा उपासनेचे दालन लिहिले तरी पुरते. इथे एक गोंधळ नेहमी होतो. बाकांच्या दोन रांगांमधल्या वाटेला, जिथून नवरानवरी चालत येतात, लोक आईल म्हणतात. बोलण्यात ते चालते. वास्तूच्या भाषेत आईल म्हणजे खांबांच्या ओळीपलीकडची बाजूची वाट. तुमच्या चर्चमध्ये आत खांबच नसतील तर आईल नाहीत, फक्त मधली वाट आहे. गावातल्या लहान चर्चमध्ये खांब क्वचितच असतात, कारण दालनाची रुंदी छपराच्या कैच्यांनी, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांनी, पेलता येण्याजोगी असते. वर बघा, कैच्या लाकडी की लोखंडी, कौले मंगलोरी की पत्रा, हे लिहा. सुतार आणि गवंडी यांना विचारलेत तर कैची, तुळई, कोनशिला असे शब्द ते स्वतःच सांगतील आणि मुलांना पाठ्यपुस्तकात न मिळणारी भाषा मिळेल.

दालनाच्या टोकाला दोन-तीन पायऱ्यांनी उंचावलेली जागा येते. तुमचा प्रश्न हिच्याचबद्दल आहे. हिला इंग्रजीत चॅन्सेल म्हणतात. लोकांना विचाराल तर ‘वेदीकडे’, ‘वेदीपाशी’ असे उत्तर मिळेल, नव्या चर्चमध्ये सरळ ‘स्टेज’ म्हणतील. मी वेदीचा भाग असे लिहितो. तो भाग मागच्या भिंतीला अर्धगोल होऊन संपत असेल तर त्या अर्धगोलाला एप्स म्हणतात. त्यावर पुढे सविस्तर बोलणार आहे. दालनाला दोन्ही बाजूंना आडवे हात फुटून वरून क्रूसाचा आकार दिसत असेल तर ते ट्रान्सेप्ट, मराठीत आडवे दालन. शेजारची लहान खोली, जिथे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, झगा घालतात आणि नोंदवह्या ठेवतात, ती वेस्ट्री. गावात ‘पाळकांची खोली’ म्हणतात आणि तेच चांगले. त्या खोलीतल्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या जुन्या वह्या म्हणजे गावच्या इतिहासाचा खजिनाच. पण त्यांत जिवंत माणसांची खासगी माहितीही असते, म्हणून मुलांच्या हाती देऊ नका, परवानगी घेऊन तुम्ही पाहा.

आणि इथेच सर्वांत जास्त जपायचे आहे: प्रत्येक चर्चमध्ये वेदी असेलच असे नाही. जालन्यात १९व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने काम केले आणि शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बेथेल हा हिब्रू शब्द, अर्थ देवाचे घर. याकोब दगड उशाला घेऊन झोपला आणि स्वप्नात त्याने स्वर्गापर्यंतची शिडी पाहिली त्या जागेचे हे नाव. स्कॉटिश परंपरा प्रेस्बिटेरियन. त्या परंपरेत वेदी म्हणत नाहीत, कारण वेदी म्हटली की बळी आला, आणि ख्रिस्ताचा बळी एकदाच कायमचा झाला असे ते मानतात. तिथे असते ते प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, मेज. सगळ्यात ठळक जागा उपदेशाच्या व्यासपीठाची असते, कारण उपासनेचा गाभा म्हणजे वचन वाचणे आणि समजावणे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बांधणीत उलट, मध्यभागी टोकाला वेदी, तिच्यापुढे कठडा, एका बाजूला उपदेशाचे व्यासपीठ आणि दुसऱ्या बाजूला शास्त्रवाचनाचे उभे मेज. ते कधी पंख पसरलेल्या गरुडाच्या आकाराचे पितळी असते, त्या पंखांवर बायबल उघडून ठेवतात. कॅथलिक चर्चमध्ये वेदी हेच केंद्र, तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होतो, आणि जवळच पवित्र भाकर ठेवायची कुलूपबंद पेटी असते, जिच्याजवळ दिवा तेवत ठेवतात. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले. म्हणून जुन्या कॅथलिक चर्चमध्ये भिंतीला टेकलेली एक आणि तिच्यापुढे सुटी उभी असलेली दुसरी अशा दोन वेद्या दिसू शकतात. दोन्हींची नोंद करा. त्या दोहोंमधले चार-सहा फूट अंतर म्हणजे कॅथलिक उपासनेतला एक मोठा बदल आहे.

त्यात भर म्हणजे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. त्यामुळे फलकावर आज एकच नाव असले तरी इमारत कोणत्या मिशनने कोणत्या पद्धतीने उभारली हे वेगळे विचारावे लागते. पाळकांना विचारा, मंडळीतल्या वडिलांना विचारा. ‘वडील’ हे मंडळीच्या कारभारातल्या पदाचे नाव आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवा. क्रूस आणि वधस्तंभ, मिस्सा आणि उपासना, फादर आणि पाळक या जोड्यांवरून बोलणारा कोणत्या परंपरेतला हे बहुतेक वेळा कळते. कॅथलिकांकडून ऐकलेला शब्द प्रॉटेस्टंट चर्चच्या पानावर चिकटवू नका. तुमच्या गावातल्या चर्चच्या पानावर वेदी लिहायचे की मेज, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. ते तिथल्या रविवारी येणाऱ्या माणसांनीच सांगायचे.

आता एप्सकडे, कारण मराठवाड्यातल्या माणसाला हा आकार परका वाटायचे कारण नाही. मुलांना वेरूळला नेणार असाल तर १०व्या लेण्यात वेळ काढा. त्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, खांबांपलीकडे अरुंद वाटा, टोकाला अर्धगोल, त्यात स्तूप आणि त्याच्यापुढे बसलेले बुद्ध. दारावरच्या मजल्यावर सज्जा आहे, तिथून आतले दालन दिसते. अजिंठ्याची ९, १०, १९ आणि २६ ही लेणी आणि कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचे दालन, याच जातीची. जेम्स फर्ग्युसनसारख्या १९व्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी ही लेणी पाहिली तेव्हा त्यांना घरची चर्चच आठवली, आणि त्यांनी चैत्यगृहांच्या वर्णनात नेव्ह, आईल असे शब्द घातले. ते पुस्तकांत राहिले आणि आजही राहिले आहेत. आपण चर्चला गाभारा म्हणायला निघालो आहोत, त्यांनी बुद्धाच्या घराला चर्चचे शब्द दिले, गल्लत एकच. चैत्यगृहात बाजूची वाट स्तूपाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत येते, कारण ती प्रदक्षिणेची वाट आहे. चर्चमधल्या बाजूच्या वाटेने वेदीला प्रदक्षिणा घालत नाहीत. खांब सारखे, पावले वेगळी.

या आकाराला आपल्याकडे गजपृष्ठ म्हणतात, हत्तीच्या पाठीसारखा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, गोरोबाकाकांच्या गावात, विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे ते अवश्य दाखवा. मागची बाजू अर्धगोल, वर पिंपासारखे गोलावलेले छत, पुढे नंतर जोडलेला मंडप, आत त्रिविक्रमाची मूर्ती. मूळची ही इमारत बौद्ध चैत्य असावी असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. लेण्यांत खडकात कोरलेले जे आपण पाहतो तसे विटांत बांधलेले उदाहरण उभे राहणे फार दुर्मीळ, आणि ते आपल्या मराठवाड्यात आहे. नोंदवहीत त्याचे पान कसे भरावे? आज पूजा विष्णूची होते, म्हणून नाव मंदिर, मूर्तीच्या जागेला गाभारा. आकाराच्या रकान्यात गजपृष्ठ. आणि मूळ उपयोगाबद्दलचे मत, मत म्हणून, वेगळ्या ओळीत. तिन्ही गोष्टी एकाच पानावर राहू शकतात, एकीने दुसरीला खोडायचे कारण नाही.

तुमच्या महादेवाच्या देवळाच्या पानांबद्दल विचारले नाहीत, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत चुकतात. पहिली, ‘हेमाडपंती’. हेमाद्री हा १३व्या शतकातला यादवांचा मंत्री. चुना न वापरता दगडावर दगड बसवून केलेले प्रत्येक देऊळ त्याच्या नावावर टाकायची आपल्याकडे सवय आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, हेमाद्रीच्या कितीतरी आधीची. म्हणून गावकरी हेमाडपंती म्हणतात हे पहिल्या रकान्यात राहू द्या, आणि तिसऱ्यात ‘चुन्याविना दगडी बांधणी’ एवढेच लिहा. दुसरी गोष्ट शिखराची. मराठवाड्यातल्या कित्येक देवळांचे मूळ शिखर पडले आणि वर नंतर विटा-चुन्याचे नवे चढवले गेले. औंढ्याचे वरचे बांधकाम असेच नंतरचे आहे. खालच्या भिंतींचे वय शिखराला लावू नका. बाकी जोते, उंबरा, गाभारा, अंतराळ, सभामंडप, मधली गोल रंगशिला, वरचे कोरीव छत म्हणजे वितान, पाणी जाण्याचे गोमुख, ओवऱ्या, दीपमाळ, नगारखाना हे शब्द लोकांच्या तोंडी आणि पुस्तकांत बऱ्याच अंशी जुळतात, तिथे अडचण येत नाही. भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याच्या शिवमंदिराला मात्र लोक मढ म्हणतात. अशी गावची नावे जपा.

मशीद आणि दर्गा यांची पाने वेगळी हवीत. मशीद नमाजाची जागा: पश्चिमेची भिंत, तिच्यात मेहराब, तिच्या उजव्या हाताला पायऱ्यांचे मिंबर, ज्यावरून इमाम शुक्रवारी खुतबा म्हणजे प्रवचन देतात, पुढे मोकळे अंगण म्हणजे सहन, आणि वजूचा, नमाजाआधी हातपाय धुण्याचा, हौद. दर्गा म्हणजे एखाद्या सूफी संताची मजार म्हणजे कबर, तिच्यावर बहुधा घुमट, सेवेला मुजावर, वर्षाचा उरूस आणि संदल. दर्ग्याच्या आवारात मशीद असते म्हणून दोन्ही एकच समजतात. खुलताबादला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब आणि शेख झैनुद्दीन यांचे दर्गे पाहिले की फरक लक्षात येतो. औरंगजेबाची कबर झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, उघड्या आभाळाखाली, घुमटाविना. तिला मकबरा लिहू नये. निजामाच्या राज्यात राहिल्यामुळे आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, आशूरखाना. मोहरमचे पंजे जिथे बसतात ती जागा. या पंज्यांनाच सवारी म्हणतात, आणि पुढे जमिनीत अलावा, म्हणजे आगीचा खड्डा, खणलेला असतो. गावोगावी या सवाऱ्यांची सेवा हिंदू घराण्यांकडेही असते. वर्षातले बहुतेक दिवस ती खोली बंद असते, म्हणून नोंदवहीतून हमखास सुटते. तुमच्या गावात आहे का, विचारून घ्या.

बुद्धविहाराबद्दल थोडे. लेण्यांच्या भाषेत विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आणि पूजेची जागा ती चैत्यगृह. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी जे विहार उभे राहिले ते वंदनेचे, सभेचे आणि कित्येक ठिकाणी मुलांच्या अभ्यासाचेही ठिकाण आहेत. जुन्या अर्थाने ‘हा खरा विहार नाही’ असे कोणी पुस्तकी माणूस म्हणाला तर ऐकू नका. ज्यांनी वर्गणी काढून बांधला त्यांनी त्याला विहार म्हटले, तो विहार आहे. इतर पंथांच्या जागांनाही हेच लागू. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे प्रमुख धर्मपीठांपैकी, एक आहे, आणि त्याच्या आतल्या खोलीला अंगीठा साहिब म्हणतात. सध्याची इमारत महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३०च्या दशकात उभी राहिली. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. त्या खोलीलाही गाभारा लिहिलेले मी वाचले आहे. लिहिणाऱ्याने सेवादारांना एक प्रश्न विचारला असता तर हे टळले असते. महानुभावांचा ओटा हा नुसता बसायचा कट्टा नसतो, चक्रधरस्वामींचे वास्तव्य त्या जागी झाल्याची खूण असते. जैन मंदिरापुढचा उंच खांब दीपमाळ नसून मानस्तंभ, वेरूळच्या ३२व्या लेण्यात तो पाहता येतो.

राहिली गावाबाहेरची पडकी इमारत. आधी होकायंत्र न्या, मोबाइलमधलेही चालेल. मराठवाड्यातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून येते. मशीद असेल तर खोलगट कोनाडा त्या भिंतीत असेल आणि त्या भिंतीला दार सहसा नसेल. देवळाचे दार बहुधा पूर्वेला, पण औंढ्यासारखे अपवाद आहेत: तिथे नंदी देवळाच्या मागे आहे आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले असे लोक सांगतात. चर्चमध्ये जुन्या परंपरेने वेदी पूर्वेला, तरी मिशनच्या काळात जागा मिळेल तसे बांधलेले पुष्कळ. मठ असेल तर खोल्या, ओवऱ्या, चूल किंवा विहीर, एखादी समाधी, अशी राहण्याची चिन्हे हवीत.

खांबांवरची नक्षी पाहून लगेच निकाल देऊ नका. दौलताबादच्या किल्ल्यात १३१८ साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात बांधलेली मोठी मशीद आहे. तिच्यातले खांब आधीच्या देवळांचे, आखणी मशिदीची, आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यापासून तिथे भारतमातेची मूर्ती आहे. आज लोक तिला भारतमाता मंदिर म्हणतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि नोंदवहीत तिन्ही यायला हव्यात, साल-संदर्भासह, विशेषणांविना. तुमच्या पडक्या इमारतीवर गावात वाद असेल तर मुलांच्या हातून शीर्षकात मठ किंवा मशीद लिहून घेऊ नका. शीर्षक ‘गावाच्या पश्चिमेची दगडी पडकी इमारत’ असे असू द्या, किंवा ती ज्या दिशेला असेल ती दिशा घाला. खाली कोण काय म्हणते ते दोन्ही बाजूंचे लिहा, भिंतींची मापे, दारांच्या दिशा, कोनाड्यांच्या जागा टाका, आणि प्रत्येक भागाला नावाऐवजी दारापासून सुरू होणारा क्रमांक द्या. क्रमांकांना फोटो जोडा. पुढे शिलालेख वाचणारा किंवा उत्खनन करणारा कोणी आला तर त्याला त्या मापांचाच उपयोग होईल.